मैनेची दुसरी बाजू

खडखड खडखड! शेखरकाकांनी काळ्या रंगाचा स्प्रे जोरात हलवला, टोपण खिशात टाकलं आणि अंगणातल्या टेबलावरच्या इंजिनावर नेम धरला.

“काका, थांबा!” गार्गी आडवी आली. “एक थेंबही उडवायचा नाही!”

“अगं, बाजूला हो. पाच मिनिटांचं काम आहे. वाफेचं इंजीन काळंच असतं, हे शेंबडं पोरही सांगेल!”

“मी नाही सांगणार,” चिन्मय म्हणाला आणि त्यानं बाहीला नाक पुसलं.

चिन्मय पाचवीत होता आणि गार्गी त्याची आठवीतली ताई. शेजारच्या घरातला हर्षल सातवीत. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून हे तिघं हर्षलच्या अंगणातून हलले नव्हते. कारण टेबलावरचं ते अडीच फुटांचं इंजीन! सागाचं लाकूड, पत्रा आणि सायकलच्या तारा वापरून हर्षलच्या आजोबांनी, म्हणजे हिंमतराव आबांनी, ते चार वर्षं खपून केलं होतं. चाकं फिरत होती, दांडे हलत होते, शिट्टीची साखळीसुद्धा होती. फक्त रंग नव्हता. खामगावच्या वाचनालयात शनिवारी ‘आपली जलंब-खामगाव गाडी’ हे प्रदर्शन भरायचं होतं आणि वाचनालयाचे चिटणीस होते शेखरकाका. त्यांना काचेच्या पेटीत ठेवायला इंजीन हवं होतं आणि तेही लगेच.

ओसरीवरच्या खाटेवरून आबांचा आवाज आला. “शेखर, थे काळं नको करू बाबू. काळी ते माही मैना नाही.”

मैना! हा शब्द तिघांना आता पाठ झाला होता. आबा विशीत असताना जलंबच्या यार्डात रंगारी होते. सगळी इंजिनं काळी, पण एका इंजिनावर, या मैनेवर, त्यांच्या मुकादमाचा भारी जीव. त्यानं स्वतःच्या हातानं रंग कालवला आणि आबांकडून ते इंजीन रंगवून घेतलं. पुढे ते भंगारात गेलं. मुकादम गेला आणि तो रंग कशात काय घालून केला होता, ते त्याच्याबरोबर गेलं.

“पण आबा, होता तरी कोणता रंग?” चिन्मयनं विसाव्यांदा विचारलं.

“हिरवा. पण निरा हिरवा नाही, निळ्याकडे झुकेल होता. मोराच्या मानेवर सावली पडली का दिसते ना, तसा.” आबांनी मान वळवली. “आज तं लय झ्याक पिवळा सदरा घातला रे तू!”

चिन्मय खो खो हसला. “आबा, पांढरा आहे! कालच आईनं नीळ घातलीय.”

“हो का? उन्हानं दिसला असन मंग.”

हर्षल मात्र हसला नाही. आबांचा उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि त्याच्यामागची नसही सुकत चालली होती. ऑपरेशनचा काही उपयोग नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बाबांना स्पष्टच सांगितलं होतं. थंडी संपेपर्यंत जेवढं दिसेल तेवढं. आबांची इच्छा एकच होती. मैनेला तिच्या रंगात एकदा, फक्त एकदा पाहायचं. तिघांनी पत्र्याच्या तेवीस पट्ट्या रंगवून त्यांच्यासमोर धरल्या होत्या आणि तेवीस वेळा आबा म्हणाले होते, “नाही, हा नोहे.”

“मला शनिवारी इंजीन लागेल,” शेखरकाका वैतागून म्हणाले. “लोकांना काय कळतंय? मोराची मान घेऊन बसलेत!”

आबा म्हणाले, “शुक्रवारपर्यंत थांब. पोट्ट्याइले नाही जमलं तं कर काळी. मले तरी कुठी दिसून राह्यलं आता.”

आबा हरलेले हर्षलनं कधी पाहिले नव्हते.

मंगळवारचा सगळा दिवस वाया गेला! खामगाव स्टेशनात एका काकांनी त्यांना चहा पाजला आणि हसत परत पाठवलं. भंगारवाल्याकडे रेल्वेचा म्हणून एक पत्रा मिळाला, तो कुलरचा निघाला. इंटरनेटवर शेकडो इंजिनं होती, पण मैना नव्हती.

“सोडून देऊ बे,” हर्षल पायरीवर बसत म्हणाला. “साठ-पासष्ट वर्षांआधीचा रंग. कुठून भेटन?”

“आबांच्या पेटीत एखादा फोटो असेल ना?” गार्गीनं विचारलं.

“हाये की. पण ब्लॅक अँड व्हाइट हाये. त्यात काय रंग दिसन, कपाळ?”

तरी गार्गीनं फोटो मागितलाच. पोस्टकार्डाएवढा, कोपरे कुरतडलेला. मैनेला टेकून कोवळ्या मिशीचे आबा उभे होते आणि इंजिनाच्या पुढच्या आडव्या फळीवर काहीतरी छोटंसं होतं. गार्गीनं भिंग लावलं. तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीनं ओढत नेतात तो चाकांचा लाकडी नंदी!

“हर्षल, इकडे बघ! इंजीन करडं दिसतंय आणि नंदीही अगदी तेवढाच करडा दिसतोय. आबांची टोपी वेगळी, खडी वेगळी, पण हे दोघं सारखे!”

तिघं ओसरीवर धावले. “आबा! फोटोतला नंदी कोणाचा?”

“थो? अंबूचा ना, माह्या बहिणीचा.” आबांचा चेहरा सैल झाला. “डब्यात गिलासभर रंग उरला होता. मुकादम म्हणे, घेऊन जाय. अंबू तवा लहान होती, तिच्यासाठी मी नंदी रंगवला. लगनात सासरी घेऊन गेली नांदुऱ्याले.”

“म्हणजे मैनेचाच रंग! आणि तो नंदी आहे अजून?”

“असन. पण अंबू दर पोळ्याले त्याले नवा हात देते. आता कुठचा थो रंग राह्यला!”

“वरून नाही,” गार्गी उड्या मारायची तेवढी राहिली होती. “पण खाली आहे! सगळ्यात खाली!”

बुधवारी सकाळच्या एसटीनं तिघं नांदुऱ्याला पोचले. अंबूबाई सत्तरीच्या पुढच्या, पण शिडीवर चढून त्यांनी स्वतःच माळ्यावरून नंदी काढला. सोनेरी रंगात तो झगमगत होता. मात्र पोरांनी पिशवीतून घासायचा कागद काढला तशी त्यांनी नंदीला पोटाशी धरलं.

“घासता? देवाले घासता? काऊन, वेड लागलं काय रे पोट्टेहो?”

हर्षलनं सगळं सांगितलं. डॉक्टरांचं बोलणंही सांगितलं. अंबूबाईंना भावाच्या डोळ्यांचं एवढं ठाऊक नव्हतं. त्या खाली बसल्या आणि नंदी त्यांनी हळूच पालथा केला.

“पाठीले हात नाही लावाचा. पोटाखाली घासा, रुपयाएवढं.”

गार्गीनं कागद पाण्यात भिजवला आणि सावकाश गोल गोल घासायला लागली. मध्ये जास्त, कडेला कमी. सोनेरी गेला आणि खालून लाल निघाला. लालखाली पांढरा, मग गुलाबी, मग पुन्हा लाल. बशीसारखा खळगा पडत गेला आणि त्याच्या उतारावर रंगांची वर्तुळं उमटत गेली. कांदा चिरल्यावर दिसतात तशीच! चिन्मय मोजत होता, पण बेचाळीसपर्यंत येऊन चुकला.

“थांब वं!” अंबूबाईंनी एका वर्तुळावर बोट ठेवलं. “हा गुलाबी माहा धाकटा झाला त्या सालचा. त्याचे वडीलच रंग घेऊन आले होते बजारातून. त्याच्या खालचा पांढरा, त्या साली पाणीच नव्हतं. चुना लावला होता मी.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “घास. आता घास लवकर.”

आणि मग सगळ्यात तळाशी, लाकडाच्या अगदी वर, बुबुळाएवढा एक गडद ठिपका दिसला. हिरवा, पण निरा हिरवा नव्हे.

“मैना!” तिघं एकदम ओरडले. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

अंबूबाईंनी नंदी जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला. दुपारी तो आबांच्या खाटेवर होता. आबांनी बोटानं खळगा चाचपला आणि रंगाऱ्याच्या थाटात हुकूम सोडला. “आत्ताच नका जुळवू! वर्षानुवर्षं अंधारात राह्यलेला तेलाचा रंग पिवळा पडते. एक दिवस उन्हात ठेवा, थो उघडते. आन् रंग घरात नाही पाहाचा, ट्यूबलाइटखाली तं मुळीच नाही. उजेडात पाहाचा!”

गुरुवारी नंदी दिवसभर गच्चीवर उताणा पडून होता. चिन्मय कावळे हाकलत होता. दुपारी फाटकाचं दार वाजलं. शेखरकाका! हर्षलनं चपळाईनं इंजिनावर पंचा टाकला आणि गार्गीनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘रंग ओला आहे! हात लावू नये!’

“अरे वा, रंगवलं? बघू बघू!”

“काका, पंचा चिकटेल!” गार्गी गंभीरपणे म्हणाली. “धूळ बसली तर पुन्हा सगळं घासावं लागेल. मग शनिवारी काही होत नाही.”

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि ते खुशीत निघून गेले. पंच्याखाली मैना होती तशीच कोरडी ठणठणीत!

उन्हानं ठिपका खरंच थोडा उघडला होता. गार्गीनं हिरव्यात निळा घातला, काळ्याचे दोन थेंब, मग पिवळ्याचा एक. पट्टी चोवीस, पंचवीस, सव्वीस. सत्ताविसावी पट्टी तिनं खळग्यात ठेवली आणि पट्टी कुठे संपते नि नंदी कुठे सुरू होतो, ते कळेना. जमलं!

नंदी आणि पट्टी घेऊन तिघं आबांसमोर उभे राहिले. आबा अंगणात उजेडाला आले. त्यांनी दोन्ही वस्तू डाव्या डोळ्याजवळ, अगदी नाकाला लागतील इतक्या जवळ धरल्या. बराच वेळ धरल्या.

“दोन्ही एकच हायेत,” ते म्हणाले.

“हो आबा! मग?”

“एकच हायेत. पण दोन्ही शेवाळासारखे दिसते. ही मैना नोहे.”

आबांनी नंदी हर्षलच्या हातात दिला. “नंदी माह्याच हातचा हाये, रंगही थोच. मंग माहं ध्यानच चुकलं असन. साठ वर्षं मी भलताच रंग धरून बसलो.” भिंत धरत ते ओसरीकडे वळले. “जाऊ द्या. काळी करा.”

हर्षल नंदी घेऊन तसाच उभा राहिला. इतकी वाट चालून शेवटी आबांकडे होतं तेही काढून घेतल्यासारखं झालं होतं. डोळे जाणार ते जाणारच होते, आता आठवणीवरचा विश्वासही गेला. गार्गीला रडू आवरेना.

संध्याकाळी तिघं आकाशकंदिलाखाली बसले होते. वाऱ्यानं कंदिलाच्या पिवळ्या जिलेटीन कागदाचा एक तुकडा फाटून खाली आला. चिन्मयला कंटाळा आला होता. त्यानं तो तुकडा दुमडला, डोळ्याला लावला आणि इकडे तिकडे पाहायला लागला.

“ताई, तुझे दात पिवळे!”

“गप बस.”

“हर्षलदादा पिवळा! माझा सदरा पिवळा!” मग त्यानं सत्ताविसावी पट्टी उचलली. “ईऽऽ! ही तर शेवाळी झाली!”

गार्गी ताडकन उठली. “काय म्हणालास?”

“शेवाळी.”

“त्याच्या आधी!”

“सदरा पिवळा...” चिन्मयचं तोंड उघडंच राहिलं. “आबा पण हेच म्हणाले होते. सोमवारी!”

गार्गीनं कागद हिसकावून डोळ्याला लावला. खरंच! निळा कुठल्या कुठे गेला होता आणि उरला होता मळकट हिरवा. हर्षल सावकाश म्हणाला, “डॉक्टर बोलले होते बाबाले. आबाच्या डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं म्हणे, मोतीबिंदूनं.”

“म्हणजे आबांची आठवण चुकलीच नव्हती! रंगही चुकला नव्हता!” गार्गी म्हणाली. “मधे फक्त पिवळी काच आली.”

“मग ती काच काढू!” चिन्मय म्हणाला.

“थेच तं नाही काढता येत,” हर्षल म्हणाला.

पण गार्गीच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. काच काढता येत नाही ना? मग रंगच असा करायचा, की काचेतून पाहिल्यावर तो मैनेसारखा दिसेल! शुक्रवारी सकाळी उजेड होताच तिघं अंगणात बसले. एका डोळ्यावर दुमडलेला कागद, दुसरा उघडा. उघड्या डोळ्यानं सत्ताविसावी पट्टी पाहायची आणि कागदातून नवी. निळा घाला, अजून निळा, थोडा पांढरा! आबांची काच नेमकी किती पिवळी ते ठाऊक नव्हतं, म्हणून एक घडी, दोन घड्या, तीन घड्या, अशा त्यांनी तीन पट्ट्या केल्या. उघड्या डोळ्यांना त्या हिरव्या वाटतच नव्हत्या, शाळेच्या बसच्या पट्ट्यासारख्या निळ्याशार होत्या.

आबांनी पहिली पट्टी पाहिली आणि मान हलवली. दुसरी पाहिली, जरा थांबले, पण मान हलवलीच. तिसरी त्यांनी डोळ्याजवळ नेली आणि ती तिथून काढलीच नाही.

“हे कुठून आणलं रे?” ते पुटपुटले. “मैना! हाच व माय! अस्साच होता!”

त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. हर्षलनं त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं. पण अंगणात परत आल्यावर हर्षल आणि गार्गीत जोराचं भांडण जुंपलं.

“निळा लावाचा,” हर्षल म्हणाला. “आबाले दिसते थोच. त्याहिचं इंजीन हाये!”

“पण तो खोटा आहे! उद्या सगळं खामगाव बघायला येणार. मैना अशी होती, असं आपण लोकांना खोटं सांगायचं? नंदीच्या पोटातून खरा रंग काढला तो कशाला?”

“लोकाइले काय, ते पुढच्या वर्षीही पाहतीन. आबाले पुढचं वर्ष नाही वं!”

दोघांचंही खरं होतं आणि इंजीन एकच होतं. शुक्रवारची मुदत संध्याकाळी संपत होती.

चिन्मय टेबलाभोवती फिरत होता. “ताई,” तो म्हणाला, “इंजिनाला बाजू दोन असतात ना?”

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. आणि मग दोघांनी मिळून चिन्मयला असं काही उचललं, की तो ओरडला, “सोडा! रंग सांडेल!”

शनिवारी वाचनालयाचा हॉल भरून गेला होता. मधोमध काचेच्या पेटीत तिघांनी स्वतःच आणून ठेवलेली मैना उभी होती, मोराच्या मानेवर सावली पडावी तशी. शेजारी खळग्याची बाजू वर करून नंदी ठेवला होता. नांदुऱ्याहून आलेल्या अंबूबाई येईल त्याला एकेक वर्तुळ कोणत्या सालचं ते सांगत होत्या.

“काय शोध लावलाय पोरांनी!” शेखरकाका माइकवर म्हणाले. “मी काळा मारायला निघालो होतो. माझी घोडचूक झाली असती! या तिघांसाठी जोरदार टाळ्या!”

टाळ्या झाल्या. मग काका फिरत फिरत पेटीच्या मागे गेले आणि थबकले. “अरे! ही बाजू निळी कशी? चुकलं की रे तुमचं!”

“नाही काका,” गार्गी हळूच म्हणाली. “ती आबांची बाजू आहे.”

पेटीमागे खुर्चीवर आबा बसले होते. नाक काचेला टेकलं होतं. हर्षलनं टाचा उंचावून काकांच्या कानात दोनच वाक्यं सांगितली. काकांनी चष्मा काढून पुसला आणि मग कितीतरी वेळ पुसतच राहिले.

गर्दी पांगल्यावर आबांनी हर्षलला जवळ ओढलं. “लोकाच्या बाजूले खरा रंग लावला ना?”

हर्षल दचकला. “आबा, तुम्हाले कसं समजलं?”

“रंगारी हाओ ना बे मी. नंदी आन् पट्टी जुळली, म्हणजे रंग खरा होता. मंग खोटं काय? माहा डोळा.” आबा हसले. “पोट्टेहो, मुकादमाले जे जमलं नसतं थे तुम्ही केलं. मले एकदा पाहाचं होतं. पाहिलं.”

त्यांनी एकदाच पाहिलं असं नाही. दोन महिने ते रोज सकाळी वाचनालयात जात राहिले. जानेवारीत मात्र डावा डोळाही मिटला. आता मैनेच्या दोन्ही बाजू त्यांना सारख्याच. तरी रविवारी हर्षल त्यांना हात धरून नेतो, तेव्हा पुढच्या बाजूची रिकामी खुर्ची सोडून ते चाचपडत मागे जातात आणि आपल्याच बाजूला बसतात.